संगणक जागा होतांना अक्षरांचें काय होतें?

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर नेहमींचीं चित्रें दिसूं लागेपर्यंत जो थोडासा काळ जातो, त्याकडे सामान्य मनुष्याचें फारसें लक्ष नसतें. चहाचा पेला तोंडाला लावावा, खिडकीबाहेर पाहावें, आणि यंत्र तयार झालें कीं कामाला लागावें, असा बहुतेकांचा परिपाठ. परंतु एकाद्या दिवशीं हा काळ संपतच नाहीं. पडदा काळाच राहतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटते. आणि त्या ओळींत ज्या जागीं फाइलीचें नांव असावयास पाहिजे, त्या जागीं ग्रीक अल्फा, माथ्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश 'एन', आणि एक फ्रेंच धर्तीचें अवतरणचिन्ह अशी विचित्र पंगत बसलेली दिसते. फाइल सांपडत नाहीं, असें यंत्र सांगतें. फाइल तर डिस्कवर जागच्या जागीं असते. मग चुकलें कोठें?

चुकलें तें असें, कीं लिहिणाऱ्यानें एका कराराप्रमाणें लिहिलें आणि वाचणाऱ्यानें दुसऱ्याच कराराप्रमाणें वाचलें. वर सांगितलेलीं तीन चिन्हें म्हणजे वस्तुतः आपल्या वर्णमालेंतील 'म' हें एकच अक्षर होय. संगणकाच्या पोटांत अक्षर म्हणून कांहीं नसतेंच. असतात त्या केवळ संख्या. ० पासून २५५ पर्यंतची कोणतीहि एक संख्या ज्या घरांत मावते त्या घराला बाइट म्हणतात. कोणत्या अक्षरासाठीं कोणती संख्या लिहावयाची, हा निव्वळ ठरावाचा प्रश्न आहे, आणि त्या ठरावाला वर्णसंकेत असें म्हणतां येईल. मोडींत लिहिलेला जुना कागद हातांत आला, तर तो वाचतां आला नाहीं तरी तो मोडी आहे एवढें डोळ्यांना कळतें. बाइटाच्या अंगावर अशी कोणतीच खूण नसते. २२४ ही संख्या कोणत्या ठरावानें लिहिली आहे, हें ती संख्या कधींहि सांगत नाहीं.

'म' या अक्षराचेंच उदाहरण पुढें चालवूं. जगांतील सर्व लिप्यांच्या अक्षरांना एकेक कायमचा क्रमांक देण्याची जी युनिकोड नांवाची योजना आहे, तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतचीं १२८ घरें मिळालीं असून 'म' चा क्रमांक २३५० आहे. हा क्रमांक एका बाइटांत मावत नाहीं, हें उघडच आहे. मग तो बाइटांत मांडावयाचा कसा? एक रीत अशी, कीं त्याचे दोन भाग करून ४६ आणि ९ असे दोन बाइट लिहावे. ९ गुणिले २५६ अधिक ४६ म्हणजे २३५० होतात. ही यूटीएफ-१६ ची रीत होय. दुसरी रीत यूटीएफ-८ ची; तिच्याप्रमाणें तेंच अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांनीं लिहिलें जातें. हे तीन बाइट जुन्या आयबीएम यंत्रांच्या कोष्टकांत पाहिले, तर तेथें अनुक्रमें अल्फा, स्पॅनिश 'एन' आणि अवतरणचिन्ह सांपडतें. आणि पहिल्या रीतीचे ४६ व ९ हे बाइट साध्या इंग्रजी कोष्टकांत पाहिले, तर एक पूर्णविराम आणि पुढें थोडी मोकळी जागा, एवढेंच हातीं लागतें.

आतां असा प्रश्न येईल, कीं सर्वांनीं मिळून एकच ठराव कां पाळला नाहीं? त्याला इतिहास आहे. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक विक्रीस आणला, तेव्हां त्यांतील एका चिपवर २५६ आकृत्या कायमच्या कोरलेल्या होत्या. त्या संचाला पुढें ४३७ क्रमांकाचें कोष्टक असें नांव पडलें. त्यांत इंग्रजी लिपि होती, पश्चिम युरोपांतील भाषांचीं बरींचशीं स्वरचिन्हांकित अक्षरें होतीं, गणितापुरतीं कांहीं ग्रीक अक्षरें होतीं, चौकटी काढण्यासाठीं आडव्या-उभ्या रेघा होत्या; पण रशियन नव्हती, अरबी नव्हती, देवनागरी तर नव्हतीच. मग ज्यानें त्यानें आपल्या प्रांतापुरतें वरच्या १२८ घरांत निराळें बिऱ्हाड थाटलें. ४३७ च्या कोष्टकांत १२९ या घरीं जर्मन भाषेंतील दोन टिंबांचा 'यू' राहतो. रशियनांसाठीं केलेल्या ८६६ च्या कोष्टकांत त्याच घरीं रशियन 'ब' राहतो. पत्ता एकच, भाडेकरू मात्र निरनिराळे.

युनिकोड आलें तेव्हां त्याच्या कर्त्यांना वाटलें होतें, कीं प्रत्येक अक्षराला दोन बाइट दिले, म्हणजे ६५,५३६ घरें झालीं, कीं जगाची सोय लागली. त्याच सुमारच्या विचारसरणीला अनुसरून इंटेल कंपनीनें आपल्या इटॅनियम यंत्रांसाठीं १९९० नंतरच्या दशकांत संगणक जागा करण्याची नवी व्यवस्था रचली, व तींतील सर्व मजकूर दोन-बाइटी अक्षरांचा ठरविला. २००५ सालीं ती व्यवस्था अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे गेली आणि तिला यूईएफआय हें नांव मिळालें. हल्लींचे बहुतेक घरगुती व कचेरींतील संगणक तिच्यावरच जागे होतात. इकडे १९९२ च्या सप्टेंबरांत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनीं न्यू जर्सींतील एका खाणावळींत, ताटाखालीं घालावयाच्या कागदावर, यूटीएफ-८ ची आंखणी केली. युनिक्सच्या घराण्यांतील प्रणालींनीं, आणि मागाहून इंटरनेटनें, ती उचलली. अशा रीतीनें खालच्या मजल्यावर एक भाषा आणि वरच्या मजल्यावर दुसरी, अशी स्थिति होऊन बसली. आणि जिन्याच्या पायऱ्यांवर जुनीं कोष्टकें अजून पडलेलींच होतीं.

कळ दाबल्यावर काय क्रमानें घडतें तें येथें पाहिलें पाहिजे. प्रथम जागें होतें तें फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्यें कायम वस्तीला असलेला प्रोग्राम. तें डिस्कवरील एका लहान विभागांत जाऊन बूटलोडर नांवाचा दुसरा प्रोग्राम शोधतें. बूटलोडर हा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, मेमरींत आणून ठेवतो, त्याच्या हातीं सूचनांची एक ओळ देतो आणि बाजूला होतो. टपालाचा थैला एका हरकाऱ्यानें दुसऱ्याच्या आणि दुसऱ्यानें तिसऱ्याच्या हवालीं करावा, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, कीं येथें प्रत्येक हरकारा निराळ्या गांवचा असतो व निराळी भाषा बोलतो. वरच्या मजल्यावरील एकाद्या प्रोग्रामला शंका आली, तर मालकाची भाषा कोणती, असें तो कार्यप्रणालीला विचारूं शकतो. या वेळीं कार्यप्रणालीच जागी झालेली नसते, विचारणार कोणाला? म्हणून जें कांहीं ठरवावयाचें तें प्रोग्राम लिहितांनाच ठरलेलें असलें पाहिजे.

सर्वांत अवघड दार आहे तें डिस्कचें. यूईएफआयनें बूटलोडरसाठीं राखलेला विभाग फॅट या पद्धतीनें मांडलेला असतो, आणि ही पद्धति फार जुन्या काळची आहे. तींत प्रत्येक फाइलीला ११ बाइटांचें नांव असे: आठ बाइट मुख्य नांवाचे, तीन उपनांवाचे. हे ११ बाइट कोणत्या कोष्टकाप्रमाणें वाचावयाचे, हें डिस्कवर कोठेंहि लिहून ठेवलेलें नसतें. एकाद्यानें जर्मनींत ४३७ च्या कोष्टकानें दोन टिंबांचा 'यू' लिहिला, तर तो १२९ म्हणून नोंदला जातो. मध्य युरोपासाठीं केलेल्या १२५० च्या कोष्टकाप्रमाणें वाचणाऱ्याला १२९ हें घर रिकामेंच आढळतें. त्याचा तो 'यू' २५२ या घरीं राहतो. भरींत भर अशी, कीं फॅट पद्धति मोठीं व लहान अक्षरें एकच मानते. म्हणजे नांव जुळवून पाहतांना कोणत्या लहान अक्षराचें मोठें अक्षर कोणतें, हेंहि ठाऊक पाहिजे. आणि हें नातेंसुद्धां कोष्टकाप्रमाणें बदलतें. तुर्की भाषेंत तर साध्या 'आय' चें मोठें अक्षरहि टिंबासह लिहितात. तेव्हां बूटलोडरनें तुर्की नियम लावले, तर 'ईएफआय' हीच अक्षरें जुळावयाचीं नाहींत! देवनागरीला मोठीं-लहान अक्षरें नाहींत, एवढ्यापुरतें आपलें नशीब चांगलें म्हणावयाचें.

जपानी लोकांची या पद्धतींत जी फजिती झाली ती ऐकण्यासारखी आहे. फाइल पुसून टाकली, कीं तिच्या नांवाचा पहिला बाइट २२९ करावयाचा, अशी फॅटची खूण होती. परंतु जपानी संकेतांत कित्येक चिनी वळणाच्या अक्षरांचा पहिला बाइट २२९ हाच असे. म्हणजे फाइलीचें नांव अशा अक्षरानें सुरू झालें, कीं फाइल जन्मतःच मेलेली समजली जाणार! शेवटीं असें ठरलें, कीं अशा नांवाच्या आरंभीं २२९ च्या ऐवजीं ५ लिहावे आणि वाचतांना ५ चे पुन्हां २२९ करावे. आजहि फॅट वाचणाऱ्या प्रत्येक बूटलोडरला ही युक्ति सांभाळावी लागते. दुसरी गोष्ट अशी, कीं जपानी अक्षराचा दुसरा बाइट कधीं कधीं ९२ असतो, आणि ९२ म्हणजे डॉसमध्यें एका कप्प्याचें नांव दुसऱ्यापासून तोडणारी उलटी तिरपी रेघ. 'सो' या कटाकाना अक्षराचें असेंच आहे. जो प्रोग्राम बाइटामागून बाइट वाचीत जाऊन तिरपी रेघ शोधतो, तो अशा अक्षराचे मधोमध दोन तुकडे करतो, आणि मग नसलेल्या कप्प्यांत नसलेली फाइल शोधीत बसतो.

१९९५ सालीं विंडोज-९५ बरोबर लांब नांवांची सोय झाली. तींत नांव दोन-बाइटी अक्षरांत लिहितात. ३२ बाइटांच्या एका नोंदींत १३ अक्षरें बसतात, आणि अशा नोंदी एकापुढें एक लावून २५५ पर्यंत मजल जाते. जुन्या प्रोग्रामांना या नोंदी दिसूं नयेत म्हणून त्यांवर एक चमत्कारिक खूण केलेली असते, आणि लघुनांवाची एक बेरीज त्यांत मांडून त्यांची गांठ मूळ फाइलीशीं घातलेली असते. देवनागरी नांव राहूं शकतें तें या लांब नोंदींतच. ४३७ च्या लघुनांवांत तें मावतच नाहीं. जो बूटलोडर लांब नोंदी वाचीत नाहीं, त्याच्या लेखीं मराठी नांवाची फाइल आपल्या खऱ्या नांवानें अस्तित्वांतच नसते. यूईएफआयच्या कर्त्यांनीं मात्र येथें सावधपणा दाखविला. इतर कांहीं सूचना नसल्यास फर्मवेअर जी फाइल उघडतें, तिचें नांव त्यांनीं 'बूटएक्स६४' असें साध्या इंग्रजी अक्षरांत, आठांच्या आंत बसेल असें ठेविलें. मागून आलेल्या रिस्क-व्ही यंत्रांसाठींचें नांव मात्र अकरा अक्षरांचें झालें, आणि तेथें ही मर्यादा ओलांडली गेली.

दुसरें दार फर्मवेअर आणि कर्नल यांच्यामधलें. लिनक्सचा कर्नल थेट यूईएफआयकडून सुरू करतां येतो, आणि त्याला द्यावयाच्या सूचनांची ओळ फर्मवेअर आपल्याजवळ जपून ठेवतें. ही ओळ दोन-बाइटी अक्षरांत असावी लागते. कर्नल ती यूटीएफ-८ मध्यें उतरवून घेतो. ही नोंद करण्यासाठीं लिनक्सवर 'ईएफआयबूटएमजीआर' नांवाचें साधन आहे, आणि त्याला विशेष आज्ञा दिली नाहीं तर तें ती ओळ एक-बाइटी अक्षरांतच लिहितें. समजा, ओळींत 'रूट' हा शब्द आहे. कार्यप्रणाली डिस्कच्या कोणत्या विभागांत आहे, हें सांगणारा. इंग्रजींत त्याचीं चार अक्षरें, म्हणून चार बाइट. वाचणारा दोन-दोन बाइट एकत्र घेतो. पहिल्या दोन अक्षरांच्या ११४ आणि १११ या संख्या मिळून २८,५३० होतात, आणि त्या क्रमांकावर युनिकोडांत एक चिनी अक्षर आहे! पुढच्या दोहोंचीहि तीच गति. चार इंग्रजी अक्षरांच्या जागीं दोन चिनी अक्षरें कर्नलाच्या हातीं पडतात, आणि आपलें घर कोठें आहे हें त्या बिचाऱ्याला कळत नाहीं. उलट बाजूनें चूक झाली तर परिणाम अधिक हास्यास्पद होतो. दोन-बाइटी रीतींत इंग्रजी अक्षराचा दुसरा बाइट नेहमीं शून्य असतो, आणि सी भाषेंत लिहिलेले प्रोग्राम शून्य दिसलें कीं मजकूर संपला असें समजतात. त्यामुळें 'लिनक्स' एवढ्या शब्दांतील पहिलें 'एल' तेवढें वाचलें जातें आणि बाकीचें गळून पडतें.

मोजमापाची चूक याहून घातक असते. 'मराठी' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरें दिसतात. काना आणि वेलांटी निराळ्या धरल्यामुळें युनिकोडच्या हिशेबीं तीं पांच होतात. यूटीएफ-१६ मध्यें तेच १० बाइट होतात, आणि यूटीएफ-८ मध्यें १५. लांबी किती, या प्रश्नाला तीन, पांच, दहा आणि पंधरा अशीं चार उत्तरें आहेत आणि चारहि खरीं आहेत. ज्या प्रोग्रामानें पांच ऐकून पांच बाइटांची जागा राखली आणि दहा बाइट ओतले, त्यानें शेजाऱ्याच्या मेमरींत घुसखोरी केली. वरच्या मजल्यावर अशी घुसखोरी बहुधा पकडली जाते. येथें पहारेकरीच अजून कामावर आलेला नसतो. दोन-बाइटी अक्षरें यूटीएफ-८ मध्यें उतरवितांना प्रत्येकीं तीन बाइट धरले म्हणजे जागा कधींहि अपुरी पडत नाहीं, हा हिशेब एकदां मांडून ठेवणें शहाणपणाचें. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या पद्धतींत फाइलीचें नांव २५५ बाइटांपुरतें मर्यादित आहे. म्हणजे देवनागरीचीं चिन्हें ८५. फॅटवर बसलेलें लांब मराठी नांव तेथें उतरवूं गेल्यास बसेलच असें नाहीं.

या गोंधळांतून वाट काढण्यासाठीं जाणत्या प्रोग्रामकारांनीं जी रीत स्वीकारली आहे, ती सांगावयास सोपी आणि पाळावयास कठीण आहे. घरांत एकच भाषा बोलावयाची, आणि भाषांतर करावयाचें तें फक्त उंबरठ्यावर, एकदांच. लहान यंत्रांवर वापरला जाणारा यू-बूट आणि घरगुती संगणकांवरील ग्रब हे दोन्ही प्रसिद्ध बूटलोडर आपला मजकूर यूटीएफ-८ मध्यें ठेवतात आणि यूईएफआयशीं व्यवहार करण्याच्या जागीं तो दोन-बाइटी करतात. यू-बूटमध्यें फॅटच्या जुन्या नांवांसाठीं ४३७ आणि १२५० या दोन कोष्टकांची सोय आहे. घरच्या भाषेसाठीं यूटीएफ-८ ची निवड कां, तर तिच्यांत इंग्रजी अक्षरें जशींच्या तशीं एकेका बाइटांत राहतात, आणि इतर सर्व अक्षरांचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. म्हणून अक्षराच्या पोटांत शून्य किंवा तिरपी रेघ लपून बसण्याचें भय नाहीं. जपानी 'सो' ची फजिती येथें संभवतच नाहीं. मात्र वाचणारा कडक पाहिजे. तिरपी रेघ ४७ या एका बाइटानें लिहावयाची असतां कोणी ती १९२ आणि १७५ अशा दोन बाइटांच्या वेषांत पाठवूं शकतो. ढिला वाचणारा ती ओळखून आंत घेतो, आणि दारावरचा तपासनीस मात्र फसलेला असतो. असा मजकूर नाकारलाच पाहिजे, असा यूटीएफ-८ चा नियमच आहे.

जें अक्षर भाषांतरित होत नाहीं त्याचें काय करावें? येथेंच चांगला आणि कामचलाऊ प्रोग्राम यांतील भेद कळून येतो. कामचलाऊ प्रोग्राम त्या जागीं प्रश्नचिन्ह घालून मोकळा होतो. पडद्यावर दाखविण्यापुरतें हें चालेल. परंतु फाइल शोधण्याच्या कामीं तें केलें, तर 'जुना' आणि 'नवीन' या दोन निरनिराळ्या नांवांचीं चार-चार प्रश्नचिन्हें होऊन दोन्हीं नांवें एकच ठरतात, आणि यंत्र भलताच कर्नल उचलूं शकतें. तेथें चूक झाली असें स्पष्ट सांगून थांबणें हेंच प्रामाणिकपणाचें आहे.

मराठी माणसाला या ठिकाणीं एक गोष्ट विशेष वाटण्यासारखी आहे. ६५,५३६ घरें जगाला पुरतील ही कल्पना लवकरच खोटी ठरली, आणि १९९६ च्या युनिकोडमध्यें वरच्या मजल्यावरील अक्षरांसाठीं दोन-बाइटी घरांच्या जोड्या लावण्याची सोय करावी लागली. आपली मोडी लिपि २०१४ सालीं युनिकोडांत आली ती याच वरच्या मजल्यावर, ७१,१६८ या क्रमांकापासून. यूईएफआयच्या नियमांत मात्र अक्षर म्हणजे एकच दोन-बाइटी घर, असें धरलेलें आहे. त्यामुळें ज्या मोडींत पेशवाईचा कारभार चालला, तिचें एक अक्षरहि त्या नियमाच्या चौकटींत बसत नाहीं. जोडी जशी आली तशी पुढें सरकविणारा बूटलोडर असेल तर तें अक्षर सुखरूप पार पडतें. जोडी फोडणारा असेल तर दोन्ही तुकडे निरर्थक होतात.

पडद्याचा प्रश्न निराळा आहे, आणि तो येथें थोडक्यांत उरकणें बरें. संकेत अचूक असला तरी आकृति काढावयास ठसे पाहिजेत. यूईएफआयचा साधा ठसा ८ ठिपके रुंद व १९ उंच असतो, फार तर १६ रुंद. 'कि' मधली वेलांटी मागाहून लिहिलेली असूनहि अक्षराच्या आधीं काढावयाची, जोडाक्षर जुळवावयाचें, हीं कामें त्या चौकटींच्या आवांक्याबाहेरचीं आहेत. जें अक्षर काढतां येत नाहीं तें गाळून फर्मवेअर तशी सूचना बूटलोडरला देतें. अक्षर दिसलें नाहीं म्हणजे तें बिघडलें असें नव्हे, एवढें ध्यानांत ठेवावें.

जेथें अक्षर मुळींच दिसत नाहीं, अशी एक जागा मात्र जिवावरची आहे. ती म्हणजे कुलूपबंद डिस्कचा परवलीचा शब्द. पुष्कळ लोक आपली डिस्क गुप्तलिपींत ठेवतात, आणि यंत्र जागें होतांनाच हा शब्द विचारला जातो. कुलपाची किल्ली तयार होते ती या शब्दाच्या बाइटांपासून. अक्षरें त्या कुलपाला ठाऊक नाहींत. समजा, एकाद्या गृहस्थानें दिवसा, सर्व प्रणाली जागी असतां, इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'कर' हा शब्द टंकला. त्याचे सहा बाइट झाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें बोटें त्याच कळांवर ठेविलीं. परंतु बूटलोडरला अमेरिकन कळफलकच ठाऊक, म्हणून त्याला मिळालीं तीं 'के' आणि 'जे' हीं दोन इंग्रजी अक्षरें, दोन बाइट. पडद्यावर तर फार तर तारकाच उमटतात. गृहस्थाला वाटतें, आपला शब्द बरोबर आहे. कुलपाला वाटतें, परका मनुष्य आला आहे. दोघांचेंहि खरें असतें. फ्रेंच माणसावरहि हीच पाळी येते. त्याच्या 'ए' ची कळ अमेरिकन कळफलकावर 'क्यू' च्या जागीं आहे. कांहीं प्रोग्राम आधींच सावध असतात: व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामांत अशा डिस्कचा शब्द ठरवितांनाच अमेरिकन कळफलक वापरावा लागतो.

कळफलक जुळला तरी संकट संपत नाहीं. 'तऱ्हा' या शब्दांतील 'ऱ्ह' युनिकोडांत तीन रीतींनीं लिहितां येतो: 'ऱ' हें तयार अक्षर घेऊन; किंवा साध्या 'र' ला खालीं नुक्ता देऊन; किंवा 'र' चा पाय मोडून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर तिन्ही सारखेच. यूटीएफ-८ च्या बाइटांत पहिला ९ बाइटांचा, पुढचे दोन्ही १२ बाइटांचे, आणि तेहि परस्परांहून निराळे. शोधयंत्राला हा भेद मिटवितां येतो; कुलपाला तो मिटविण्याचा अधिकार नाहीं. लिनक्सवर डिस्क कुलूपबंद करणाऱ्या 'क्रिप्टसेटअप' या प्रोग्रामाबरोबर ज्या सूचना मिळतात, त्यांत परवलीच्या शब्दासाठीं इंग्रजी कोष्टकांतील ९५ छापील चिन्हांपलीकडे जाऊं नये, असा सल्ला दिलेला आहे. मातृभाषेच्या अभिमान्यांना हें रुचणार नाहीं. तथापि ज्याचें सर्व लेखन त्या कुलपाआड आहे, त्यानें तो मानलेला बरा. ज्यांनीं आधींच मराठी शब्द ठेविला असेल, त्यांच्यासाठीं सोय अशी, कीं या कुलपाला एकाहून अधिक किल्ल्या चालतात. जुन्या पद्धतींत आठ, नव्या पद्धतींत बत्तीसपर्यंत. यंत्र चालू आहे तोंवर एक साधी इंग्रजी किल्ली त्यांत घालून ठेवावी, आणि मराठी शब्द काढून टाकण्यापूर्वीं यंत्र एकदां बंद करून, त्या नव्या किल्लीनें तें खरोखर उघडतें कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.